पान पिवळं पडलंय? आधी कुंडी उचलून बघा

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या बायकांचे फोटो माझ्या फोनवर यायला लागतात. पिवळ्या पानाचा क्लोजअप, शक्यतो अंधुक, आणि खाली एकच प्रश्न: "याला काय मारू गं?" म्हणजे कोणतं औषध फवारू. मी विचारते, "काकू, कुंडी जड लागतेय की हलकी?" त्यावर काकू जरा चिडतात. पान दाखवलं असताना ही कुंडीचं काय विचारतेय, असं त्यांना वाटतं.

पण घरच्या बागेतल्या दहातल्या सात-आठ तक्रारी पानावर दिसतात आणि सुरू होतात मुळाशी, असा माझा अनुभव आहे. हा अनुभव मला स्वस्तात मिळालेला नाही. पुण्यात पहिली गॅलरी मिळाली त्या मे महिन्यात मी नऊ कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं आणि जूनपर्यंत सहा घालवल्या. एकही झाड तहानेनं गेलं नव्हतं.

कुंडी उचला, बोट घाला, भोक बघा

औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी या तीन गोष्टी याच क्रमानं करा.

कुंडीला एकदा भरपूर पाणी द्या, खालून गळेपर्यंत. निथळली की उचलून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभरात हाताला भार कळायला लागतो आणि मग कोणतं झाड पाणी मागतंय हे जाता-येता समजतं. हे आठ इंची कुंडीपर्यंत ठीक आहे. बारा इंची कुंडी भिजली की 20-25 किलोला जाते, ती उचलायची नाही, नुसती कलती करायची. कंबर आपली आहे.

मग मधलं बोट मातीत दोन पेरं खुपसा. वरची माती कोरडी दिसते आणि आत चिखल असतो, हे मे महिन्यात फार होतं. दोन पेरांवर ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर थोडं-थोडं न घालता एकदम भरपूर, खालून निघेपर्यंत. रोज अर्धा तांब्या पाणी घातलं की मुळं वरच्या दोन इंचांतच घुटमळतात आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकतं.

मान टाकण्याचं एक कोडं आहे. पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं आणि मुळं कुजली तरी टाकतं, कारण कुजकं मूळ पाणी ओढू शकत नाही. दिसायला दोन्ही सारखंच. आपण घाबरून आणखी पाणी घालतो आणि उरलंसुरलं मूळही घालवतो. म्हणून वेळ बघा. दुपारी दोनला मान टाकली आणि संध्याकाळी झाड पुन्हा ताठ झालं तर तो फक्त उन्हाचा ताण. सकाळी सातलाच मान खाली असेल, तर बोट घाला: माती कोरडी तर तहान, ओली तर कुज.

कुजीची शंका आली तर धीर करून झाड कुंडीतून काढा. चांगलं मूळ पांढुरकं आणि ताठ असतं. कुजलेलं तपकिरी, बोटांत धरलं तर साल निसटते, आणि वास येतो तो एकदा घेतला की विसरत नाही. कुजलेलं सगळं स्वच्छ कात्रीनं कापा, वरचा पालाही तिसरा हिस्सा कमी करा, नव्या कोरडसर मातीत लावा आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. या काळात खत अजिबात नको.

आता भोक. बारा इंची कुंडीला करंगळी जाईल अशी चार-पाच भोकं हवीत. विकतच्या प्लास्टिकच्या कुंड्यांना भोकांच्या नुसत्या खुणा असतात, त्या आपणच फोडायच्या असतात, हे कितीतरी जणांना माहीत नसतं. भोकावर खापरीचा एक तुकडा, पालथा, एवढं पुरे. तळाला चार इंच खडी घालायची पद्धत मी सोडून दिली. बारीक मातीतलं पाणी खाली जाड खडी आली की सहज उतरत नाही, खडीच्या वरच थबकतं. म्हणजे मुळांची जागा गेली आणि निचरा होता तेवढाच. त्यापेक्षा कुंडीखाली फरशीचे तीन तुकडे ठेवून ती जमिनीपासून उचला.

उलटही होतं. पाणी घातल्याबरोबर खालून भसाभसा निघून जातं आणि आपल्याला वाटतं, वा, काय निचरा आहे! खरं तर माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) इतकं वाळलेलं असतं की ते पाणी पीतच नाही. कडेच्या फटीतून पाणी सरळ खाली जातं. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बसवा. बुडबुडे थांबले की मधपर्यंत भिजली.

माती, आणि नर्सरीतून येणारा तो गोळा

कोकणातल्या, मुंबईतल्या माणसाला लाल माती मिळते, देशावरच्या माणसाला काळी. काळी माती शेतात सोनं असेल, पण कुंडीत एकटी घातली तर ओली असताना चिखल आणि वाळली की वीट. माझं मिश्रण साधं आहे: चार घमेली माती, तीन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन घमेली कोकोपीट, आणि बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं पाणी पिळून टाकून द्या, त्यात क्षार असू शकतात. आणि नुसत्या कोकोपीटमध्ये झाड जगवायला जाऊ नका. ते पाणी धरतं, त्यात खाऊ जवळजवळ नसतोच.

गच्चीवर वजनाची चिंता असेल तर उसाची चिपाडं वापरा. रसवंतीवाल्याकडे उन्हाळ्यात ढीग पडलेला असतो, तो आनंदानं देतो. मोठ्या ड्रममध्ये तळाला चिपाडं आणि वाळका पालापाचोळा अर्ध्यापर्यंत दाबून भरा, वर मातीचं मिश्रण. चार-सहा महिन्यांत चिपाडं कुजून खाली बसतात, तेव्हा वरून पुन्हा भर घालावी लागते. सुरुवातीला मुंग्या लागतात, त्यासाठी चिपाडं आधी धुऊन घेतलेली बरी.

कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवारानं, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटानं, अशा पाचोळ्याच्या मातीवर बरंच काम केलं. त्यांचं 'अमृतजल' गच्चीवरच्या बागवाल्यांत अजून चालतं: 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ, 10 लिटर पाणी. तीन दिवस ठेवायचं, दिवसातून तीनदा ढवळायचं, मग दहापट पाणी घालून मातीत द्यायचं. फ्लॅटमध्ये करणार असाल तर शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत ते आधी तपासा.

आता एक प्रश्न जो जानेवारीनंतर हमखास येतो. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हौसेनं आणलेलं झाड महिन्याभरात का वाळलं? नर्सरीत दिसणारी बरीच रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. तिथे एकाशेजारी एक नर्सऱ्याच आहेत. रोप प्रवासात टिकावं म्हणून मुळाभोवती चिकट गाळाच्या मातीचा घट्ट गोळा असतो. (गोदावरीकाठची माती. नदी आपल्या त्र्यंबकेश्वरहून निघते आणि गोळा परत आपल्याकडे येतो.) हा गोळा आपण तसाच भुसभुशीत मातीत ठेवला की पाणी भोवतालच्या मातीतून निघून जातं आणि गोळा आत कोरडा ठक्क. किंवा उलट, गोळा महिनोन्‌महिने ओला आणि मुळं गुदमरलेली.

म्हणून असं करा. आणल्या आणल्या कुंडी बदलू नका, आठवडाभर त्याला तुमच्या गॅलरीच्या उजेडाची सवय होऊ द्या. मग संध्याकाळी पिशवी कापा, गोळा बादलीतल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि बाहेरची निम्मी माती बोटांनी हलकेच सोडवा. सगळी धुऊन काढायची नाही, बारीक मुळं तुटतात. गोल गोल फिरलेली मुळं असली तर टोकं छाटा. लावल्यावर माती दाबून बसवा, पाणी द्या, चार-पाच दिवस सावली. गुलाबाच्या बाबतीत मात्र मी गोळ्याला भर थंडीतच हात लावते. उन्हाळ्यात आणलेला गुलाब गोळ्यासकट लावते आणि थंडीची वाट बघते.

कोणतं पान पिवळं?

कुंडी तपासून झाली, पाणी ठीक आहे, तरी पिवळं आहे. मग फोटो काढताना एकच पान न काढता पूर्ण फांदी काढा, कारण पान जुनं की नवं यावर सगळं ठरतं.

खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडून गळत असतील तर नत्र कमी पडतंय. झाड जुन्या पानातला नत्र काढून नव्या पानाला देतं. वरची दोन इंच माती खरवडून दोन मुठी गांडूळखत घाला, दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. महिन्यातून एखादं जुनं पान गळणं मात्र आजार नाही.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या? ती लोहाची कमतरता. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या जास्वंद, गुलाब आणि कढीपत्त्यात हे नेहमी दिसतं. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर बसलाय का बघा. इथे खत वाढवून उपयोग शून्य. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) पुडीवरच्या प्रमाणात फवारा आणि पावसाचं पाणी मिळेल तेव्हा त्या पाण्यानं कुंडी एकदा भरपूर धुऊन काढा.

जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट, महिन्यातून एकदा.

अंड्याची टरफलं, कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याची सालं यांचं काय, हे विचारणारच तुम्ही. टरफलं मातीत विरघळायला फार वेळ घेतात. सालींचं पाणी घातल्यानं नुकसान नाही, चमत्कारही नाही. कंपोस्टच्या बादलीत मात्र तिघांनाही मानाचं स्थान आहे. चहाचा चोथा घालायचा तर धुऊन. साखर-दुधासकट घातला की मुंग्या आणि चिलटं.

पान उलटं करा

कीड पानाच्या मागे राहते आणि आपण पानाच्या पुढे फवारतो.

सर्वांत त्रासदायक म्हणजे पिठ्या ढेकूण, मिलीबग. जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखा दिसतो. लोक याला बुरशी समजून बुरशीनाशक मारतात, ते वाया. काडीनं टोचून बघा, आत गुलाबीसर मऊ किडा असतो. मुंग्यांची रांग दिसली तर समजा त्या याच्या राखणदार आहेत. ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि ढेकणांना या फांदीवरून त्या फांदीवर नेतात.

क्रम असा: फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्या झाडाला पाण्याचा जोरदार फवारा. जुन्या टूथब्रशनं खोडाच्या बेचक्या घासा. मग लिटरभर कोमट पाण्यात 1-2 मिलि भांड्यांचं लिक्विड, त्यात 5 मिलि नीम तेल, आणि दूधट होईपर्यंत हलवून संध्याकाळी पानामागे फवारा. आधी साबण, मग तेल. नाहीतर तेल वर तरंगतं आणि पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी जातं. थंडीत नीम तेल तुपासारखं गोठतं, बाटली गरम पाण्यात ठेवा. आणि हे एकदा करून भागत नाही. अंडी वाचतात, म्हणून दर पाच-सहा दिवसांनी, चार वेळा. बहुतेक जण दोनदा करून "नीम तेलाचा काही उपयोग नाही" म्हणतात.

मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांनाही हेच. नीम तेल नको असेल तर 50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडा साबण घालून फवारा. शेतकरी पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच.

लाल कोळी वेगळा. पानावर सुईनं टोचल्यासारखे फिके ठिपके, मागे बारीक जाळं, आणि हवा गरम-कोरडी. हा किडा नाही, कोळ्याच्या जातकुळीतला आहे. त्याला ओल सोसत नाही, त्यामुळे रोज सकाळी पानामागे पाण्याचा फवारा मारला तरी निम्मं काम होतं. गंधकाची भुकटी चालते, पण भर उन्हाळ्यात नको आणि नीम तेलाच्या आगेमागे पंधरा दिवस नको. पानं भाजतात.

घरोघरची चार झाडं

तुळस. सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर पाणी, तेही घरातला प्रत्येक माणूस वेगवेगळं. त्यात सिमेंटच्या वृंदावनाला बऱ्याचदा खाली भोकच नसतं. तुळस भक्तीनं बुडते. वृंदावनाला भोक पाडून घ्या, नाहीतर आत बसेल अशी भोकाची कुंडी ठेवा. पळीभर पाण्यानं पूजा होते. हळद-कुंकू खोडावर न वाहता वृंदावनाला लावा, दिवा पानांपासून वीतभर लांब. मंजिऱ्या आल्या की खुडा. बी धरलं की झाडाला वाटतं काम झालं, आणि तुळशीच्या लग्नानंतर थंडीत ते वाळतं. दोन-तीन वर्षांची तुळस तशीही थकते. खुडलेल्या मंजिऱ्या शेजारच्या कुंडीत चुरडून ठेवा, पावसाळ्यात रोपं येतात.

कढीपत्ता थंडीत वाढत नाही, त्याला छळू नका. फेब्रुवारी अखेर शेंडा छाटा, खत द्या, फुटवे येतील. वाटीभर आंबट ताक लिटरभर पाण्यात घालून महिन्यातून एकदा द्यायला हरकत नाही, पण घट्ट ताक ओतलं तर वास आणि मुंग्या. पानं एकेक खुडू नका, पूर्ण डहाळी कापा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं आणि ते हललं, तर ती फुलपाखराची अळी आहे. मोठी झाली की हिरवीगार होते आणि एका रात्रीत डहाळी संपवते. हातानं उचलून लांब ठेवा. मी एक फांदी त्यांच्या नावानं सोडते. राज्याचं फुलपाखरू नीलवंत लिंबाच्याच कुळावर वाढतं, आणि कढीपत्ताही त्याच कुळातला. अजून माझ्याकडे नीलवंत आलेलं नाही, लिंबावरची साधी फुलपाखरं मात्र दरवर्षी येतात.

गुलाबाला आधी फुलं यायची, आता नुसता उंच वाढतो? खोडावर कलमाची गाठ शोधा. तिच्या खालून फुटलेला जोमदार कोंब म्हणजे खुंटाचा, ज्यावर कलम बांधलं त्या जंगली झाडाचा. तो मुळाशी काढून टाका, नाहीतर तो वरचा गुलाब मारतो. पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये छाटणी: वाळकं, बारीक, एकमेकांत घुसलेलं सगळं काढा, उरलेल्या फांद्या तिसरा हिस्सा कमी करा, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप. साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं.

मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन नसेल तर बाकी काहीही केलं तरी फुलं नाहीत. जानेवारी अखेर छाटा, पानं काढा, आठवडाभर पाणी कमी करा, मग खत-पाणी सुरू.

भाज्यांचे प्रश्न

कोथिंबीर उगवत नाही, ही तक्रार सर्वांत जुनी. धणा अख्खा पेरू नका, त्यात दोन बिया असतात. लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. आणि वाट बघा. मेथी तीन दिवसांत वर येते म्हणून कोथिंबीरही येईल असं नाही, तिला आठ ते बारा दिवस लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांपैकी मीही आहे. एप्रिल-मेमध्ये ती चार पानांवरच तुऱ्याला जाते.

मिरचीचं पान वळलं की सगळे "चुरडा-मुरडा" म्हणतात. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे: निळे चिकट सापळे लावा, नीम तेल फवारा. कडा खाली वळून होडी उलटी झाली असेल तर कोळी. पानं बारीक, पिवळसर, गुच्छासारखी झाली आणि झाड खुंटलं तर तो विषाणू. पांढरी माशी तो पसरवते, आणि त्याला औषध नाही. झाड उपटा, जीव तुटला तरी.

दुधी, कारलं, काकडीला फुलं येतात, फळं गळतात. फुलामागे इवलंसं फळ असेल तर ते मादी फूल, नुसता देठ असेल तर नर. सुरुवातीला नरच येतात, घाबरू नका. उंच मजल्यावर मधमाशी पोचत नसेल तर नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवा. काकडी-कारल्याचं हे काम सकाळी. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. सकाळी उठून दुधीचं परागीकरण करणारी मंडळी म्हणूनच निराश होतात.

टोमॅटोचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यामुळे, आणि ते पोचत नाही कारण पाणी एक दिवस महापूर, तीन दिवस दुष्काळ. पाणी नियमित करा, मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला, पुढची फळं चांगली येतील.

पाऊस आणि गावी जाणं

पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा. मुळं कुजतातच, शिवाय डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. महापालिका आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणते, ते याच हिशेबानं. गोगलगायींसाठी रात्री गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. कुंडीत मीठ टाकू नका, माती जाते.

मे महिन्यात दहा दिवस गावी जायचं असेल तर चार दिवस आधी तयारी करा. सगळ्या कुंड्या सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून ठेवा, मातीवर तीन इंच पाचोळा, भाज्यांची जून पानं काढून टाका. मोठी बादली कुंड्यांपेक्षा उंचावर ठेवा, जाड सुती दोरी भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीत बोटभर खोल पुरा. निघायच्या आधी दोन दिवस हे लावून बघा, कारण एखादी दोरी अख्खी बादली एका रात्रीत एकाच कुंडीत रिकामी करते. आल्यावर झाडं एकदम उन्हात काढू नका. दोन-तीन दिवस सकाळचं ऊन, मग नेहमीच्या जागी. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन जाणार असाल, तर कोणत्या कुंडीला पाणी घालायचं नाही, त्याची चिठ्ठी आधी लिहा.